नातं: मी

ओप्चीनाच्या चढावर, ट्रामच्या रुळांपलीकडे
दारिन्का वोदोपिवेत्स अकॉर्डियन दुरुस्त करते.
भाते उसवते, पोलादी जिभा घासते,
ओठांत धरलेली सुई
कुणी हाक मारली तरी काढत नाही.

फेब्रुवारीत ग्राट्सचा एक माणूस दारात आला,
खोक्यात भाता फाटलेला.
म्हणाला, तीनशे युरो पाठवलेत तुम्हाला, आगाऊ.
तिला नाही, तिच्या फोटोला पाठवले होते.
ॲप्रन तिचा, त्यावरचा जळका डागसुद्धा तिचा,
खात्याचा नंबर तेवढा भलत्याच कुणाचा.
बोरा वारा दार ओढत होता.
तिने त्याला कॉफी दिली.
दुसरं काय देणार.

तशी तिचीही नावं दोन.
वडिलांच्या दुकानाचं जुनं पान अजून बेव्हिलाक्वा.
आजोबांचं आडनाव एका सकाळी कचेरीत बदललं,
शाई सरकारची, सही आजोबांची.
अर्थ बदलायचा मात्र राहून गेला:
पाणी पिणारा,
तोही, हाही.
पुढे अर्ज, शिक्के, तीन खिडक्या करून
तिने मूळचं परत आणलं,
पण म्हातारी गिऱ्हाइकं अजून बेव्हिलाक्वालाच शोधतात.

मग खरी कोणती?

शेजारचा मातेय म्हणाला, कुणाला विचारायला जाऊ नकोस.
या पानावरून त्या पानाकडे बोट दाखव,
त्या पानावरून या पानाकडे.
लिंकच्या पोटात एकच शब्द लिही, नातं सांगणारा.
भामट्याने खुशाल दाखवावं तुझ्याकडे बोट,
तू ओळख दिलीस तर ना!
एका हाताने टाळी वाजत नाही.

मी खुर्चीमागून वाचला तो शब्द.
इंग्रजी, दोन अक्षरांचा.
माझ्या जिभेवर आला
आणि भाषा बदलायची त्याला गरजच पडली नाही:
मी.

हिरवी खूण उमटायला मिनिटभर लागलं.
दारिन्का तिकडे बघतच नव्हती.
मांडीवरच्या जुन्या पेटीचं एक बटण धरून
भाता ओढत होती, मिटत होती.
ओढताना एक सूर, मिटताना दुसरा,
बोट जागचं हललं नव्हतं.

मग सुई ओठांतून काढली.
म्हणाली, त्या ग्राट्सवाल्याचं काम आधी घेते.
पैसे नकोत.
नाव तर माझंच घेऊन आला होता ना.