झाकण लावून घेतलेला फोटो

जळगाव, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीतली डाळ मिल.
मे महिना. पत्र्याखाली सत्तेचाळीस.
वरून तुरीची डाळ सुटते, धार तुटत नाही,
आणि धारेच्या आड बसलेला कॅमेरा
केसाएवढ्या फटीतून बघतो,
सेकंदाला बारा हजार वेळा.
अख्खा दाणा त्याने कधी पाहिलेलाच नाही.
पट्टीखाली पट्टी लावतो आणि दाणा आहे असं धरून चालतो.
डाग दिसला की हवेची पिचकारी, फट्,
दाणा बाजूच्या टबात.

मालक ओळख करून देतात, हे बोंडेसाहेब,
फैजपूरचेच, पुण्याहून खास आलेत.
खास म्हणजे काय,
मी एका चिपला रंग शिकवतो.
तिला स्वतःला रंग कळत नाही, उजेड तेवढा मोजता येतो.
म्हणून तिच्या तीन ओळींवर तीन काचा, लाल, हिरवी, निळी.
तिघी एकाच दाण्याला भेटतात,
पण एकीनंतर एक, जराशा उशिराने,
आणि दाणा तर पडतच असतो.
तिघींच्या साक्षी सरकवून एकावर एक बसवायच्या, हे माझं काम.
शेवटी पांढरी टाइल धरून सांगतो, हे पांढरं.
ती मान्य करते. वाद घालत नाही.

सकाळी सगळं चोख.
दुपारी बारानंतर टब भरून सांडायला लागतो.
मालक म्हणाले, माल खराब, एरंडोलच्या अडत्याने फसवलं.
मी काच पुसली, गेन उतरवला, दिवे बदलले,
उंबरठा दोन आकड्यांनी वर घेतला.
टब सांडतच होता.

द्वारकाबाई सपकाळे पोत्यांची तोंडं शिवत होत्या.
पारोळ्याच्या. यंत्र यायच्या आधी
इथे चाळीस बाया निवडायला बसायच्या, त्यातल्या एक.
दाभण न थांबवता म्हणाल्या,
“हाई यंतर दुपारले जास्तीच देखस, भाऊ.
जे नही ते बी.”

मी हसलो असेन.
मग कुणाचं लक्ष नाही असं बघून लेन्सवर झाकण लावलं
आणि फोटो घेतला.

काळा यायला हवा होता.
आलं ते राखाडी धुकं, त्यात ठिणग्यांसारखे ठिपके,
लाल ओळीत सगळ्यात दाट.
एक किरण आत गेला नव्हता
आणि चिप मोजत होती, मोजतच होती.
तापली की असंच होतं तिला,
दर सात-आठ अंशांना हा खोटा उजेड दुप्पट.
पहाटेचा अंधार मी दुपारच्या चित्रातून वजा करत बसलो होतो,
पुस्तकात वाचलेलं असूनही.

दहा ओळींचा कोड लिहिला:
दर वीस मिनिटांनी धार थांबव,
झडप बंद कर,
आत्ताचा काळा कसा आहे ते बघून घे,
तो वजा कर, मग डाळीकडे वळ.
द्वारकाबाईंना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही.
उन्हातून आलं की आम्हीही डोळ्यांवर पदर धरायचो,
शंभर मोजायचो,
मगच सुपाला हात, म्हणाल्या.
मुकादम ओरडायचा, झोपता का म्हणून.

चार वाजेपर्यंत टबात साठ किलोच्या जागी अकरा.
मालकांनी उसाचा रस मागवला, बर्फ जास्त घालून.

शनिवार होता.
शनिवारी टबातला माल कामगारांना अर्ध्या भावात मिळतो,
हे मला मुनीम वजनकाटा पुढे ओढत असताना कळलं.
द्वारकाबाईंनी मूठभर उचलून तळहातावर पसरला:
काळे दाणे, टरफल, खडे, एक मेलेलं पोरकिडं.
खालीपर्यंत हात घालून पाहिला.
रिकाम्या पिशवीची घडी घातली, मग आणखी एक घडी,
ती कमरेला खोचली.

“आते बराबर देखस,” म्हणाल्या,
आणि माझ्या ग्लासातला बर्फ संपला का ते विचारलं.