तलब

वाचनालय रस्त्यापलीकडे आहे.
गॅलरीतून त्याची पाटी वाचता येते,
म्हणजे मला नाही येत,
शेजारची नूरी वाचून दाखवते, चौथीतली:
मक्तबा.
मधे सहा पदरी रस्ता, जाळी,
वळण थेट चार किलोमीटरवर.
टॅक्सीवाला जायचे पाचशे बैसा घेतो.
सोहारमध्ये पैशाला बैसा म्हणतात,
पण या, बैसा, असं म्हणणारी जागा
आमच्या बाजूला एकच:
पुष्पनच्या दुकानाबाहेर उपडे घातलेले
बाटल्यांचे क्रेट.

वाचनालय उघडतं आठला, मिटतं दोनला.
बंदरावरची पाळी सुटते सहाला.
शुक्रवार-शनिवार कुलूप.
शमशाद वांगडे क्रेन चालवतात, दाभोळ खाडीचे.
म्हणाले, साठ मीटरवरून रोज छप्पर दिसतं त्याचं.
छप्पर वाचून झालंय माझं.
आता आत जायचंय.

म्हणून अर्ज.
मी गोदामाचे हिशेब लिहिते, तेव्हा लिहिणं माझ्याकडे आलं.
आधी 'मागणी' लिहिलं होतं. खोडलं.
'विनंती' लिहिलं. मग 'नम्र विनंती'.
मग कुणीतरी म्हणालं, 'अत्यंत' घाला.
प्रमिला तांडेल रात्रपाळी करून आली होती, वैतागली:
एवढा वाकवलात तर जमिनीला टेकेल तो.
'अत्यंत' गेलं. 'नम्र' राहिलं.

लाँड्रीत फिरलो, न्हाव्याकडे फिरलो.
तिकाराम वॉचमनने विचारलं, नेपाळी पुस्तकं आहेत तिथं?
नाहीत म्हटलं.
तरी सही केली.
काहींनी पेन हातात घेऊन परत दिलं,
व्हिसाचं नूतनीकरण तोंडावर होतं.
त्यांना कुणी काही बोललं नाही.

टायपिंगवाला उस्मान, सुदानचा,
अरबीत उतरवताना म्हणाला, वर लिहितो, तलब.
मी दचकले.
आमच्याकडे तलब लागते,
तंबाखूची, चहाची, चारला जाग आली की कशाचीही.
आजोबांच्या तोंडी तलब म्हणजे पगार.
इथे नुसता अर्ज.
तो वाचत गेला आणि मधेच भेटत गेले
किताब, तारीख, मुदत, इमारत,
आमच्या कितीतरी आधी गलबतातून गेलेले-आलेले,
कुणी त्यांच्याकडे कार्ड मागितलं नाही.
खाली एकशे बारा सह्या.
सही? उस्मान हसला. आमच्यात सहीह म्हणजे खरं.
चार रियाल घेतले त्याने.
एकशे बारा वेळा खरं,
चार रियालमध्ये.

उन्हाळा गेला. बलदियाचं उत्तर नाही.
आणि एका सकाळी, आमच्या बाजूला, थांब्याजवळ,
निळी लोखंडी पेटी:
पुस्तकं परत करण्यासाठी.
जी आम्ही अजून आणलीच नव्हती!
पुष्पन तर क्रेटवरून पडायचा बाकी राहिला हसून.
वांगडे हसले नाहीत.
खोलीवर गेले, एक पुस्तक घेऊन आले,
खाडीतल्या माशांवरचं, कव्हर नसलेलं,
पाठ नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेली.
फटीतून आत सरकवलं.
धप्प आवाज आला.
केलं परत, म्हणाले.

चौथ्या दिवशी मला फोन. अर्जावर पहिला नंबर माझा.
मी बदरिया, मक्तबामधून. हिंदी अडखळती, पण गोड.
हे तुमच्यापैकी कुणाचं?
ही कुठली लिपी? कुठल्या बाजूने उघडायचं?
ती शेवटच्या पानापासून पाहत आली होती
आणि मधे कुठेतरी तिला एक मासा ओळखीचा सापडला होता.
कनद, ती म्हणाली.
सुरमई, मी म्हटलं.
एवढंच बोललो काही वेळ, दोघींनी दोनदोनदा.

मग तिने विचारलं, कुठल्या कपाटात ठेवू?
मी फोन कानाला धरून गॅलरीत आले.
साडेसात वाजून गेले होते.
पलीकडे एका खिडकीत
दिवा चालू होता.