काळजी केंद्र

रात्री पावणेदोनला राजापूर बंधाऱ्यावरून फोन.
पलीकडून सातगोंडा: "ताई, लिहून घ्या,
एक लाख ब्याऐंशी हजार.
फळ्या कवाच काढल्यात. आपलं आपणच चाललंय."

मी चिकोडीच्या तहसील कचेरीत, खोली नंबर चार.
आकडा मराठीत ऐकते,
कन्नडमध्ये रजिस्टरात उतरवते,
मग बेळगावला कळवते.
तिथला नवा पोरगा म्हणतो, "बरकोंडे री. मत्त?"
लिहून घेतलं. आणखी?
आणखी काय, पाऊस.

एका वर्षी मी ब्याण्णवचं बावन्न ऐकलं होतं.
तेव्हापासून अंक सुटे करून घेते,
आधी आठ, मग दोन,
कंपाउंडर गोळ्या मोजून देतो तसे.
त्या वर्षीच्या चार तासांबद्दल
फाईलमध्ये काही नाही.

बोट अग्निशामक दलाची.
इंजिन पंचायतीचं.
पेट्रोलला साहेबांची सही, आणि साहेब मांजरीच्या पुलावर
गुडघाभर पाण्यात, रेंजच्या बाहेर.
पोहणारी माणसं मात्र कुठल्याच खात्याची नाहीत.
यल्लाप्पा अंबिगेर आणि त्याचे दोन भाचे
यांना मी "इतर साधने" या रकान्यात लिहिते,
दोरखंड आणि टॉर्चच्या खाली.

हेस्कॉमचा लाईनमन विचारतो,
लाईन बंद करू, पण कुणाच्या हुकुमानं?
मी म्हणते, पाण्याच्या.
तो म्हणतो, लेखी द्या.
दिलं. दोन वाजून बावीस मिनिटं, व्हॉट्सॲपवर.
त्यानं अंगठा पाठवला,
आणि नदीकाठची सात गावं
नकाशावरून नाही, नुसती डोळ्यांपुढून गेली.

आमच्या राज्यात निवाऱ्याच्या जागेला
काळजी केंद्र म्हणतात.
कन्नडमध्ये काळजी म्हणजे निगा, आस्था.
मराठीत ती घ्यावी लागते, करावी लागते,
आणि कधी नुसतीच लागून राहते.
बोर्ड एकच, चंदूरच्या शाळेच्या फाटकाला सुतळीनं बांधलेला.
आत येणारा आपापली वाचतो.

पहाटे तिथून तलाठी भारती मगदुम:
"अक्का, अकरा माणसं शिवेपलीकडची आलीत,
शिरोळ तालुक्यातली. त्यांचा रस्ता बुडाला, आमची शाळा जवळ.
फॉर्मवर राज्य विचारलंय. तांदूळ आपला.
काय लिहू?"

मी साहेबांना लावला. लागला नाही.
प्रांतांना लावला. ते म्हणाले, जिल्ह्याला विचारा.
जिल्हा म्हणाला, तिकडच्या जिल्ह्याशी बोलतो.
तिकडच्या जिल्ह्याचा फोन व्यस्त,
बहुतेक आम्हालाच लावत असतील.

तोवर भारतीनं भात टाकला होता.
"राज्य कोरं सोडलंय," ती म्हणाली.
"आणि एक म्हातारी ताटावर बसंना.
काखेत शेरडू. म्हणते,
लेक बंधाऱ्यावर पाणी मोजायला बसलाय,
त्याचं जेवण झालं का, कोण सांगंल?"

नाव विचारलं.
चंपाबाई. आडनाव ऐकून
पेन थोडा वेळ कागदावरच राहिलं,
तिथं निळा ठिपका पडलाय, अजून आहे.

रात्रभर त्यानं मला पाच वेळा आकडा दिला.
घराचं एकदाही बोलला नाही.
रजिस्टरात तसा रकानाच नाही.

सव्वासहाला पुन्हा फोन.
"ताई, लिहून घ्या—"
मी म्हटलं, थांब. आधी तू लिहून घे.
चंदूरची शाळा, खोली दुसरी. आई. शेरडू.
तू जेवलास म्हणून सांगितलं, मग दोन घास खाल्ले तिनं.
खोटं सांगितलंय, तेवढं खरं कर.

फोनमध्ये पाण्याचा घोष,
आणि त्याच्या मागं एक माणूस
काहीच न बोलता.

मग घसा साफ करून तो म्हणाला,
"एक लाख ब्याण्णव.
नऊ. दोन.
वाढायलंय."

"बरकोंडे," मी म्हटलं.
त्याला कन्नड येत नाही.