शुद्धिपत्र

हरभट रोडच्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो,
आणि हनोख आवासकर दर शुक्रवारी
ऊन समोरच्या कौलांवरून उतरायच्या आत
निळ्या शाईची चार पानं टेबलावर आणून ठेवायचे.
छत्री काखेत. चहा नको.
"सूर्य बुडाला की मी कुणाचा लेखक नाही.
शंका असेल तर आत्ता विचार."
सदर रविवारी लागायचं. नाव : चौकट.

चौकट म्हणजे दाराची.
त्यांच्या दाराच्या उजव्या बाहीवर
तिरकी ठोकलेली पितळी नळी होती.
जाता-येता तिला बोटं लावून ओठांना न्यायचे.
मला आधी वाटलं, विजेचं काहीतरी असेल.

आजोबा अलिबागेकडे तेल गाळायचे,
शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली.
नातवाचा घाणा शाईचा, एवढाच फरक.
हे वाक्य त्यांचंच. दोनदा छापलंय मी.

आणि मतं!
गिरणीच्या संपाला विरोध. घटस्फोटाला विरोध.
गणपतीपुढच्या सिनेमाच्या गाण्यांना विरोध.
मंडळाची पोरं अंगावर आली तर म्हणाले,
"तुमच्या देवाची मला तुमच्यापेक्षा जास्त भीड आहे."
भाऊ बीरशेबाला गेला, यांनी पेटी बांधली नाही;
"माझा देश कोणता, हे पोस्टमननं विचारू नये."
आणि ते पेवाचं, सांगलीत पाठ होतं लोकांना :
"रीत म्हणजे हरिपूरचं पेव.
तोंड बंद असेल तर हळद वर्षानुवर्षं राहते.
रोज उघडून बघणाऱ्याला कीडच सापडते."

मी लाल बावट्याचा पोरगा.
खिळे उलटेच जुळवायचे असतात,
मी उत्तरंही उलटीच देत होतो, मनातल्या मनात.

अठ्ठ्याहत्तरचा मार्च.
मिरजेच्या हॉस्पिटलातल्या सुवार्ताशी
मी रजिस्टर लग्न करणार म्हणून
घरात माझ्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं.
त्या शुक्रवारी चौथ्या पानावर त्यांची शेवटची ओळ :
बापाच्या घराची चौकट मोडू नये.

न उचलला. मात्रा काढली. काना लावला.
मोडू या.
प्रूफ बघायला ते येणार नव्हते.
सूर्य बुडाला होता, आणि मला ते माहीत होतं.
हे शेवटचं जास्त लागतं, अजून.

रविवारी सकाळी आले, अंक चौघडी करून.
"चूक, की मत?"
मत, म्हणालो.
"मग त्याच्याखाली माझी सही कशाला?"
मशीन थांबलेलं. रॉकेल आणि शाईचा वास.
"पुढच्या रविवारी अर्धी चौकट तुझी.
नावानिशी लिही. ऱ्हस्वदीर्घ मी बघीन."

सात आठवडे लिहिलं मी.
उरलेल्या अर्ध्यात त्यांनी मला सोलून काढलं,
आणि माझा एक शब्द कापला नाही.
संपादक म्हणाले, त्या ओळीचं शुद्धिपत्र टाकू.
"ज्यानं मोडलं त्यानं जोडावं," ते म्हणाले. "घाई नाही."

लग्नाला आले नाहीत.
मिलकाबाई आल्या, चिकाचा हलवा घेऊन,
कुणी पाठवलाय ते न सांगता.

गेले तेव्हा प्रार्थनेला दहा पुरुष लागत होते.
गावात त्यांचे तिघे. बाकीचे पुण्याहून येईपर्यंत
दुपार झाली. तोवर छापखान्यातले आम्ही नऊजण
अंगणात उभे होतो, डोक्याला रुमाल बांधून.
आम्हाला कुणी मोजलं नाही.
त्यांनीही मोजलं नसतं. उलट
रुमालाची गाठ चुकली म्हणाले असते.

पुढच्या रविवारी त्या जागेत
हळदीच्या अडत्याची जाहिरात लागली. मीच जुळवली.

आता खिळे भंगारात गेले,
सुवार्ता गेली, माझे हात कापतात.
तरी एवढं छापावं :

'चौकट' या सदराच्या शेवटच्या ओळीत
'मोडू या' असे छापले गेले आहे.
तेथे 'मोडू नये' असे वाचावे.
'मोडू या' हे खिळे जुळाऱ्याचे मत होते,
आजही आहे.
ते त्याच्या नावावर वाचावे.