उणा उजेड

नदीचं नाव चांदीचं,
रंग मात्र चहात बुडून विरलेल्या बिस्किटाचा.
मॉन्टेव्हिडिओच्या धक्क्यावर सकाळी साडेसहाला
ओस्वाल्दो बारा बाटल्या उतरवतो,
प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी,
आणि रोजचंच विचारतो,
"आज काही दिसतंय का, नेलिदा?"

पूर्वी ती गाळून घ्यायची.
चिखल कागदासकट बादलीत, खालचं पाणी यंत्रात.
पण गाळ गाळला की नदीही गळते थोडी.
न गाळता ठेवावं, तर किरण आत शिरताच
कणाकणावर आपटून सैरावैरा,
आणि आकडा थापाड्या:
वाट चुकलेला उजेडही
पाण्याने गिळला म्हणून सांगायचा.

आता काचेची पट्टी आहे, नखाएवढी रुंद.
उजेड तिच्या आतूनच जातो
या भिंतीवरून त्या भिंतीवर.
टेकतो तिथे मात्र त्याचा काठ
बाहेर सांडतो जरासा,
केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी,
गढूळ पाण्याला ओझरता लागतो,
परततो.
गाळात उतरत नाही.
पलीकडच्या टोकाला जेवढा उणा पोचला
तेवढं पाण्याचं म्हणणं.

आधी शुद्ध पाणी, कोरी रेघ.
मग पहिली बाटली, दुसरी.
सातवीत निळा फारच कमी भरतो:
वरच्या मुलखात कुठेतरी जंगलाची पानं कुजलीत,
त्यांचा अर्क इथवर आलाय, हजार मैल, न बोलता.

घरी आई. इर्मा, चौऱ्याऐंशी वर्षांची.
एवारिस्तो त्या हिवाळ्यात कुणाच्या बोटीतून गेला,
हे नेलिदाने किती वर्षं सरळ विचारलं.
उत्तरं आली: कांदे महागलेत.
शेजारचा कुत्रा रात्रभर भुंकतो.
सूपात मीठ बघ गं.

हल्ली ती नुसती शेजारी बसते
मटार सोलत.
रेडिओवर बंदराच्या बातम्या लागतात,
बोटींची नावं एकामागून एक,
आणि आईचं गुणगुणणं
एका नावापाशी
एक ओळ चुकतं.

नेलिदा मान वर करत नाही.
शेंग उकलते, दाणे वाटीत.

सकाळी पुन्हा ओस्वाल्दो, बाटल्या,
"आज काही दिसतंय का?"
"दिसत नाही रे," ती म्हणते,
आणि पट्टी धुवायला घेते,
कडांना धरून,
मधे बोट न लावता.