फरसाण वगळून

अंबडच्या आमच्या युनिटात कांदा वाळवतात,
मेथी, लसूण, हंगामात द्राक्षं.
यंदा मिसळ वाळवायची निघाली.
"वर जाणार आहे," निमसे मॅडम म्हणाल्या,
आणि आम्ही सगळ्यांनी छताकडं पाहिलं.
तिथं पंखा होता.

पहिलीच अट : फरसाण नाही.
चुरा तिथं खाली बसत नाही म्हणे,
डोळ्यात जातो, यंत्रात शिरतो,
शेवेची एक काडी
आठवडाभर घरात हिंडते, न सांगता आलेल्या पाहुण्यासारखी.
म्हणून पावही नाही.
मीठसुद्धा सुटं नाही, पाण्यात विरघळवून, थेंबानं.
थेटे म्हणाला, मग राहिलं काय?
राहिली मटकी, राहिला रस्सा,
तोही चमच्याला धरून बसेल इतका घट्ट.
आणि तर्री?
तर्री वर येते, कारण खाली काहीतरी असतं.
जिथं वरच नाही
तिथं तेलानं कुठं तरंगायचं?

आठ तास गोठवली, दोन दिवस वाळवली.
मूठभर ताटली उचलली तर
हातात काही आहे असं वाटेना.
पाकिटाला सुईनं गरम पाणी पाजायचं,
दहा मिनिटं थांबायचं, कात्रीनं कापायचं.

मग कागद आला : चव कमी पडते, वाढवा.
वर गेलं की अंगातलं पाणी डोक्याकडं चढतं,
तोंड सुजतं, नाक चोंदतं,
वाफही वर येत नाही नाकापर्यंत.
म्हणून मॅडमनी चव घेणाऱ्या आम्हा आठ जणांच्या
नाकाला कपड्यांचे चिमटे लावले.
सकाळी अकराला, पांढऱ्या टोप्या घालून,
आम्ही दिसत होतो वाळत घातल्यासारखे.

मला चिमट्याची गरज नव्हती.
त्या साथीत गेलेला वास माझा
परत आलाच नाही.
कुणाला सांगितलं नव्हतं.
चव घ्यायचे महिन्याला सहाशे जास्त मिळतात,
आणि शेजारच्या भामाबाईंच्या भुवया बघून
मला आकडे लिहिता येतात.
तीन वर्षं तसेच लिहिले.

त्या दिवशी सगळे चाचपडत होते.
"कळत नाही हो काही," "पुठ्ठा लागतोय नुसता."
मी लिहिलं :
मिरची दीडपट, ती नाकाची नाही, कातडीची असते.
आमसूल घाला, जिभेच्या कडा जाग्या होतात.
काळा मसाला आहे तेवढाच, त्याचा उपयोग नाही,
पण काढू नका.
मटकी अर्धकच्ची ठेवा,
दातांना काम लागतं, मग जेवल्यासारखं वाटतं.
मॅडमनी कागद दोनदा वाचला.
"शैला, तुला कसं गं कळलं?"
चिमटा नाकावर होता,
म्हणून आवाज कसा आला ते कुणाला समजलं नाही.

घरी प्रज्वल म्हणाला,
आई, ते लोक स्वतःचंच पाणी पितात,
घाम, लघवी, श्वासातली वाफ, सगळं गाळून.
शी म्हणायला तोंड उघडलं, मिटलं.
त्र्यंबकचं वापरलेलं आपल्याकडं येतं,
आपलं निफाडला, निफाडचं पैठणला.
त्यांची गोदावरी
एका कपाटाएवढी, एवढंच.

पाकीट पुढं गेलं की नाही
आम्हाला कुणी कळवलं नाही.
परत कांदा सुरू झाला.
काल सात वाजून बाराला
पवननगरच्या गच्चीवरून प्रज्वलनं दाखवलं :
पांडवलेण्यांच्या डोंगरावर एक ठिपका,
न लुकलुकता, घाईत.
चार मिनिटांत गेला.
तिथं आत्ता कुणी नाक चोंदलेलं माणूस
चमचा उलटा धरून
रस्सा पडत नाही हे बघत असेल,
आणि त्याला कुरकुरीत काहीतरी हवं असेल,
काय ते त्यालाही सांगता येणार नाही.

माझ्या मुठीत फरसाण होतं.
चोळलं.
खाली पडलं, सगळं,
आणि थोड्या वेळानं मुंग्या आल्या.