उणे ऐंशी

बाहेर सेहेचाळीस. मेडिकल चौकात
डांबर चपलेला सोडत नाही.
आत फ्रीजर उणे ऐंशीवर,
त्यात गोळीबार चौकातल्या तुकाराम हेडाऊंचं रक्त,
नळी क्रमांक एकशे बारा.

वर्षभर मी आलेख काढतेय:
कोणत्या साली किती शोधनिबंध,
कोणता शब्द चढला, कोणता विझला.
आधी सगळे मेंदूतल्या गुंत्यांवर लिहीत,
आता दाहावर. इंटरल्युकिन-सहाची रेघ
मे महिन्यातल्या पाऱ्यासारखी.

त्यांच्या मुलीला, चित्रलेखाला, सोपं करून सांगितलं:
मेंदूत राखणदार पेशी असतात.
आग विझली तरी त्या घरी जात नाहीत,
पाणी ओततच राहतात
भिंत खचेपर्यंत.
ती म्हणाली, "मग त्याह्यले कोणी सांगत काऊन नाही?"
यावर दोनशे चौदा निबंध आहेत.
मी नुसती मान हलवली.

हेडाऊंनी घड्याळ काढलं,
बाराही आकडे एकाच बाजूला,
उरलेली अर्धी वेळ कोणी उसनी नेल्यासारखी.
साल विचारलं, तर म्हणाले,
"दोन हजार चारशे धागे."
मी शून्य लिहिलं. दुसरा रकाना नव्हता.

तेवढ्यात लाईट गेली.
मागच्या अंगणात जुना जनरेटर
खट खट करत उठला
आणि हेडाऊ सावरून बसले.
"माग सुरू झाला न बाप्पा,"
पाय खुर्चीखाली पावडी शोधू लागले,
हात धोटा फेकू लागला,
एकही फेर न चुकता.

चित्रलेखा बापाकडे बघत होती.
मी फ्रीजरच्या आकड्याकडे:
उणे अठ्ठ्याहत्तर,
उणे एकोणऐंशी.